दप्तरानं दिलेली साक्ष

[काळा पडदा. हातानं लिहिल्यासारखे तीन शब्द एकेक करून उमटतात.]

फ्रडम. फूफ. स्पेट्घ.

पुन्हा वाचून बघा. अर्थ लागत नाही. लिहिणाऱ्याला लिहायचं होतं ‘फ्रीडम ऑफ स्पीच’, म्हणजे भाषणस्वातंत्र्य. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात एक गोरा माणूस मतदार यादीत नाव घालायला गेला. राज्यघटनेतल्या एका तरतुदीचा अर्थ लिही, असं त्याला सांगितलं गेलं आणि त्यानं हे तीन शब्द लिहिले. नोंदणी अधिकाऱ्यानं ते वाचलं, त्याचं समाधान झालं. माणूस मतदार झाला.

आता शेजारच्या मिसिसिपी राज्यात या. फॉरेस्ट काउंटी. काउंटी म्हणजे साधारण आपल्या तालुक्याएवढा कारभार. इथल्या कचेरीत सहा कृष्णवर्णीय अर्जदार आले. सहाही जण पदवीधर, त्यांतले तिघे एम. ए. झालेले. सहाच्या सहा नापास.

त्याच राज्यातल्या पनोला काउंटीत कृष्णवर्णीयांपुढं घटनेतलं एक खास कलम ठेवलं जाई. ‘चिकसॉ शाळा निधी’ नावाच्या एका निधीवर व्याजाचा दर काय असावा, याबद्दलचं ते कलम. सांगा अर्थ! आणि अलाबामात पहिली इयत्ताही पुरी न केलेला एक गोरा माणूस आला, तेव्हा त्याचा अख्खा अर्ज अधिकाऱ्यानं स्वतःच भरून दिला.

ही चारही उदाहरणं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९६६ च्या एका निकालात, एका तळटीपेत नोंदवून ठेवली आहेत. खालच्या न्यायालयांतल्या ज्या खटल्यांतून ती आली, ते खटले उभे राहिले होते नोंदणी कचेऱ्यांच्या दप्तरावर. लोकांना दारातून परत पाठवणाऱ्यांनीच त्यांचे अर्ज फाइलला लावून ठेवले होते. कधी काळी कोणी येऊन ते वाचेल, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

[दृश्य: वॉशिंग्टनमधलं राष्ट्रीय अभिलेखागार. काचेमागचा दस्तऐवज.]

या देशात हक्क कागदावर आला, तो १८७० साली. घटनेची पंधरावी दुरुस्ती. वंश, वर्ण किंवा पूर्वीची गुलामगिरी या कारणानं कोणाही नागरिकाचा मताचा हक्क नाकारता येणार नाही, असं ती सांगते. त्याच वर्षी मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हे सिनेटमध्ये गेले, त्या सभागृहातले पहिले कृष्णवर्णीय सदस्य. काही वर्षं दक्षिणेतले कृष्णवर्णीय पुरुष खरोखर मत देत होते, निवडून येत होते. (बायकांना, मग त्या कोणत्याही वर्णाच्या असोत, हा हक्क अजून नव्हता.)

मग दार बंद व्हायला लागलं. १८९० साली मिसिसिपीनं नवी घटना केली. तिच्यात मतदानासाठी कर आला आणि घटनेचं कलम वाचून समजावून सांगायची अट आली. वंशाचा किंवा वर्णाचा त्यात उल्लेख नाही. समजलं की नाही, हे ठरवणार टेबलापलीकडचा माणूस. एकामागून एक राज्यांनी हाच कित्ता गिरवला. लुइझियानात १८९६ साली १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार यादीत होते. १९०४ साली उरले १,३४२.

हे वाचताना आपली पहिली सार्वत्रिक निवडणूक आठवल्यावाचून राहत नाही. १९५१-५२. पेटीवरचं चिन्ह बघून मत द्या, अक्षर येत नसलं तरी चालेल. त्याच वर्षी मिसिसिपीत लिहिता-वाचता येणारी माणसं मतदार यादीबाहेर होती.

[दृश्य: माँटगोमेरी, अलाबामाची राजधानी. जुनं न्यायालय.]

१९५७ साली अमेरिकी संसदेनं नागरी हक्क आयोग नेमला. आयोगाला कोणाला शिक्षा करता येत नव्हती. पण चौकशी करता येत होती, कागद मागवता येत होते. आयोगानं मतदानाबाबतची पहिली सुनावणी ठेवली माँटगोमेरीत, ८ डिसेंबर १९५८ ला. टस्कीगीहून माणसं आली होती. टस्कीगी म्हणजे कृष्णवर्णीयांच्या नामांकित शिक्षणसंस्थेचं गाव, शिकलेल्या माणसांचं. त्यांनी एकेक करून सांगितलं, किती वेळा अर्ज केले, किती वेळा उत्तरच आलं नाही. मग आयोगानं नोंदणी अधिकाऱ्यांना त्यांचं दप्तर मागितलं. त्यांतल्या काहींनी बोलायलाच नकार दिला.

बार्बर आणि बुलक या दोन काउंट्यांचं दप्तर तिथल्या एका न्यायाधीशानं आपल्या कब्जात घेऊन ठेवलं होतं. केंद्राचा माणूस ते बघायला आला तर त्याला तुरुंगात टाकीन, अशी त्यांची धमकी होती. त्या न्यायाधीशांचं नाव जॉर्ज वॉलेस. त्याच वर्षी ते गव्हर्नरपदाच्या लढतीत हरले होते.

दप्तर खुलं करा, असा हुकूम देणारे केंद्रीय न्यायाधीश होते फ्रँक जॉन्सन. दोघं अलाबामा विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात एकत्र शिकलेले. वॉलेस यांनी बाहेर अशी हवा ठेवली की आपण वाकणार नाही. आणि दप्तर मात्र हळूच स्थानिक ग्रँड ज्युरीकडं, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाकडं सोपवलं. ज्युरीनं ते आयोगाच्या माणसांना दाखवलं. जानेवारी १९५९ मध्ये अवमानाच्या आरोपातून जॉन्सन यांनी वॉलेस यांना मोकळं केलं, पण निकालात लिहून ठेवलं की या गृहस्थांनी आडवाटेनं का होईना, हुकूम पाळला आहे. वॉलेस यांनी त्यातूनही लढवय्याची प्रतिमा कमावली आणि १९६२ साली ते गव्हर्नरपदी निवडून आले.

एवढा आटापिटा नोंदणी अर्जांच्या गठ्ठ्यासाठी! मला वाटतं, त्या अर्जांत काय आहे हे वॉलेस यांना पुरतं ठाऊक होतं.

[दृश्य: टस्कीगी शहराचा नकाशा. चौकोनावर वेडीवाकडी रेघ चढत जाते.]

एक कागद मात्र लपवणं शक्यच नव्हतं. टस्कीगीच्या हद्दीचा नकाशा. शहराची हद्द होती चौकोनी. १९५७ साली अलाबामाच्या विधिमंडळानं ती बदलून अठ्ठावीस बाजूंची केली. त्या वळणावळणांतून शहरातले सुमारे ४०० कृष्णवर्णीय मतदार, चारपाच सोडून, हद्दीबाहेर गेले. गोरा एकही गेला नाही. प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन न्यायालयात गेले. १९६० साली सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि तो नकाशा निकालपत्राला जोडला.

त्याच वर्षी नवा कायदा झाला. केंद्रीय पदांच्या निवडणुकीशी संबंधित नोंदणीचे कागद २२ महिने जपून ठेवायचे आणि केंद्राच्या ॲटर्नी जनरलनं मागितले तर दाखवायचे. मिसिसिपीच्या विधिमंडळानंही १९६० सालीच एक कायदा केला. नोंदणीचे कागद नष्ट करायला परवानगी देणारा.

[दृश्य: मायक्रोफिल्म फिरवणारं यंत्र. एकामागून एक अर्ज सरकतात.]

आता काम आलं न्याय खात्याच्या नागरी हक्क विभागाकडं. जॉन डोअर आणि त्यांचे वकील. गावोगाव जायचं, कागदांची छायाचित्रं घ्यायची आणि मग तासन् तास वाचत बसायचं. गोऱ्याचा अर्ज डावीकडं, काळ्याचा उजवीकडं. याला कोणतं कलम दिलं, त्याला कोणतं? याची चूक कोणी दुरुस्त केली? त्याला एका चुकीवरून परत का पाठवलं? एकेका खटल्याच्या तयारीला कधीकधी ६,००० तास लागत. एकट्या माणसानं रोज आठ तास बसून करायचं म्हटलं, तर साडेसातशे दिवस.

मोर्चांची छायाचित्रं जगानं पाहिली आहेत, पाहायलाच हवीत. पण या खोल्यांत मान मोडून कागद वाचणाऱ्यांचं एकही दृश्य आपल्या डोळ्यांसमोर येत नाही, याची मला खंत वाटते.

फॉरेस्ट काउंटीचे नोंदणी अधिकारी होते थेरॉन लिंड. १९६१ साली केंद्रानं त्यांच्यावर खटला भरला. अपील न्यायालयानं मनाई हुकूम दिला, तरी लिंड बधेनात. १९६३ साली ते न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरले. खटले जिंकले जात होते. आणि याद्या? मिसिसिपीत मतदानाच्या वयाच्या कृष्णवर्णीयांपैकी १९५४ साली ४.४ टक्के नोंदलेले होते. १९६४ साली ६.४ टक्के. दहा वर्षांची कमाई दोन टक्के.

[दृश्य: सेल्मा. नदी, पूल.]

अलाबामातल्या डॅलस काउंटीचं मुख्य गाव सेल्मा. इथं मतदानाच्या वयाचे कृष्णवर्णीय सुमारे १५,०००. नोंदणी कचेरी उघडायची महिन्यातून दोनदा, पहिल्या आणि तिसऱ्या सोमवारी. न्याय खात्यानं इथं चार वर्षं खटले लढवले, न्यायालयानं दोनदा भेदभाव झाल्याचं मान्य केलं. नोंदलेले कृष्णवर्णीय मतदार किती वाढले? १५६ चे झाले ३८३.

म्हणून लोक रस्त्यावर उतरले. १८ फेब्रुवारी १९६५ ला जवळच्या मॅरियन गावात पोलिसाच्या गोळीनं जिमी ली जॅक्सन हा तरुण जखमी झाला आणि आठ दिवसांनी गेला. ७ मार्चला, रविवारी, सुमारे ६०० माणसं माँटगोमेरीला जायला निघाली. एडमंड पेटस पुलापलीकडं राज्याचे पोलीस उभे होते. परत फिरायला दोन मिनिटं दिली गेली आणि ती संपायच्या आधीच लाठ्या आणि अश्रुधूर सुरू झाला. पंचवीस वर्षांच्या जॉन लुईस यांची कवटी फुटली.

[दृश्य: छायाचित्र. जमिनीवर पडलेले लुईस, वर उगारलेली लाठी.]

एफबीआयच्या माणसांनी त्या दिवशी छायाचित्रं घेतली. आज ती राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. हस्तक्षेप मात्र कोणी केला नाही. सरकार त्या पुलावर कॅमेरा घेऊन हजर होतं, एवढंच ती छायाचित्रं सांगतात.

मोर्च्याला परवानगी मिळावी म्हणून प्रकरण गेलं पुन्हा त्याच न्यायाधीशांपुढं, फ्रँक जॉन्सन यांच्यापुढं. प्रतिवादी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस. सहा वर्षांनी दोघं वर्गमित्र पुन्हा समोरासमोर. लुईस यांनी शपथेवर साक्ष दिली. तिचा शब्दन् शब्द टंकलिखित होऊन जपलेला आहे. १७ मार्चला जॉन्सन यांनी निकाल दिला. निषेधाचा हक्क किती मोठा, हे ज्या अन्यायाचा निषेध होतो आहे त्याच्या आकारावरून ठरावं, असं त्यांनी म्हटलं, आणि या प्रकरणातला अन्याय प्रचंड आहे, असंही. २१ मार्चला मोर्चा निघाला. दुपदरी रस्त्यावर एका वेळी ३०० च माणसं चालतील, ही अटसुद्धा हुकुमात होती.

६ ऑगस्ट १९६५ ला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मतदान हक्क कायद्यावर सही केली. ज्या भागांत परीक्षा होत्या आणि नोंदणी किंवा मतदान निम्म्याच्या खाली होतं, तिथल्या परीक्षा बंद. गरज पडेल तिथं केंद्राचे अधिकारी स्वतः नोंदणी करणार. मतदानाचे नियम बदलायचे तर आधी वॉशिंग्टनची मंजुरी. ही मंजुरीची अट २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाचास चार अशा निकालानं निकामी झाली, पण ती पुढची गोष्ट. सही झाल्यावर चार दिवसांतच सेल्मात केंद्राचे अधिकारी टेबल टाकून बसले. दोन वर्षांत मिसिसिपीतली कृष्णवर्णीयांची नोंदणी ५९.८ टक्क्यांवर गेली.

मिसिसिपी राज्यानंही या काळात एक दप्तर तयार केलं होतं. १९५६ साली स्थापन झालेला ‘सार्वभौमत्व आयोग’ म्हणजे सरकारी पैशानं चाललेली हेरगिरी. कोण कोणाच्या सभेला गेलं, कोणाची गाडी कुठं उभी होती, सगळं टिपलेलं. १९७७ साली आयोग गुंडाळताना विधिमंडळानं त्या फाइली २०२७ पर्यंत सीलबंद केल्या. लोक न्यायालयात गेले, एकवीस वर्षं झगडले आणि १९९८ साली सुमारे सव्वा लाख पानं खुली झाली.

[दृश्य: फॉरेस्ट काउंटीतला ग्रामीण रस्ता. संध्याकाळ.]

पुन्हा फॉरेस्ट काउंटी. व्हर्नन डाहमर हे इथले शेतकरी. लाकूड कापायची गिरणी, वाणसामानाचं दुकान. कायदा झाला होता, पण मिसिसिपीत राज्याच्या निवडणुकीसाठी मतदानाचा कर अजून भरावा लागे. दोन डॉलर. तो भरायला गोऱ्यांच्या कचेरीत जायची लोकांना भीती वाटे. डाहमर म्हणाले, माझ्या दुकानात आणून द्या, मी पोचवतो. ज्यांच्याकडं नाहीत, त्यांचे मी भरतो. रेडिओवरून हे जाहीर झालं.

१० जानेवारी १९६६ च्या पहाटे कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेची माणसं दोन गाड्यांतून आली. त्यांनी घर आणि दुकान पेटवून दिलं. डाहमर बंदूक घेऊन दारात उभे राहिले, मागच्या बाजूनं बायकामुलं बाहेर पडली. धुरानं आणि आगीनं डाहमर यांची फुप्फुसं करपली होती. त्याच दिवशी ते गेले. त्यांचे चार मुलगे अमेरिकेच्या सैन्यदलांत होते. गणवेशातच घरी आलेली ती मुलं जळक्या घरापुढं उभी आहेत, असं छायाचित्र आहे.

७ मार्च १९६६ ला, पुलावरच्या त्या रविवारनंतर बरोबर एका वर्षानं, सर्वोच्च न्यायालयानं मतदान हक्क कायदा वैध ठरवला. सहा पदवीधरांची ती तळटीप याच निकालात आहे. २४ मार्चला व्हर्जिनियातल्या एका खटल्यात त्याच न्यायालयानं राज्यांच्या निवडणुकांसाठीचा मतदानाचा कर घटनाबाह्य ठरवला.

डाहमर यांना जाऊन तेव्हा ७३ दिवस झाले होते.