तर्काचे वय : मुंबईतील एका ख्रिस्ती घरातील अभिजात शिक्षण

[दृश्य : उपनगरातील इमारत. शाळेच्या बसकडे धावणारी मुले. दुसऱ्या मजल्यावरील एका घरात जेवणाच्या टेबलावर वह्या मांडल्या जात आहेत.]

सहावी-सातवीत गेलेले मूल घरात प्रत्येक गोष्टीवर वाद घालू लागते आणि बहुतेक घरांत त्याला ‘उलट उत्तरे देऊ नकोस’ असे सांगून गप्प बसविले जाते. ख्रिस्ती अभिजात गृहशिक्षण या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमात मात्र मुलाची हीच खोड शिक्षणाचे साधन मानली जाते आणि सहावी ते आठवी या तीन वर्षांची आखणी तिच्याभोवती केलेली असते. हा अभ्यासक्रम अमेरिकेत घडला. मुंबईतील मराठी ख्रिस्ती घरात तो आणला, तर त्यातले काय टिकते आणि काय नव्याने रचावे लागते, हे या माहितीपटात पाहायचे आहे.

त्याचा सांगाडा जुना आहे. मध्ययुगीन युरोपात विद्यार्थ्याला आधी व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन विद्या शिकवीत आणि त्यानंतर अंकगणित, भूमिती, संगीत व खगोल या चार. पहिल्या तीन विद्यांना मिळून ‘ट्रिव्हियम’ म्हणत. डोरोथी सेयर्स या इंग्रज लेखिकेने १९४७ साली ऑक्सफर्ड येथील व्याख्यानात या तीन विद्या मुलाच्या वाढीच्या तीन टप्प्यांशी जोडल्या : लहान मूल पाठांतरात रमते, त्या वयात त्याला भाषेचे व विषयांचे व्याकरण, म्हणजे मूलभूत माहिती द्यावी, पुढे ते वाद घालू लागते, तेव्हा तर्कशास्त्र द्यावे, आणि स्वतःचे म्हणणे मांडण्याची ओढ लागली, की वक्तृत्व द्यावे. ही काही बालमानसशास्त्राची काटेकोर मांडणी नव्हती आणि सेयर्स यांनी तसा दावाही केला नव्हता. तरीही वर्गात आणि घरात ज्यांनी मुले वाढविली, त्यांना ती ओळखीची वाटली. अमेरिकेतील काही ख्रिस्ती शाळांनी १९८०च्या दशकापासून ती उचलली आणि तिथून ती घरी शिकविणाऱ्या पालकांपर्यंत पोहोचली.

[दृश्य : वही. निळ्या शाईत लिहिलेली तीन वाक्ये.]

या घरातील मुलगी सातवीच्या वयाची आहे. आईने तिला तीन वाक्ये लिहून दिली आहेत. सर्व जलद लोकल दादरला थांबतात. ही लोकल दादरला थांबते. म्हणून ही लोकल जलद आहे.

“आई, चूक आहे हे. स्लो पण थांबते की दादरला.”

“चूक आहे ते कळलं गं, पण नेमकी कुठल्या वाक्यात आहे ते दाखव.”

मुलगी पहिल्या वाक्यावर बोट ठेवते. ते खरे आहे. दुसऱ्यावर ठेवते, तेही खरे असू शकते. दोन्ही विधाने खरी असूनही निष्कर्ष खरा ठरत नाही, ही गोष्ट बारा वर्षांच्या मुलीला प्रथम अशक्य वाटते. मग आई एक मोठे वर्तुळ काढते, त्यात ‘दादरला थांबणाऱ्या गाड्या’ असे लिहिते आणि आत ‘जलद गाड्या’ हे लहान वर्तुळ काढून पेन्सिल मुलीच्या हातात देते. ‘ही गाडी’ मोठ्या वर्तुळात नक्की आहे, पण ती लहान वर्तुळातही असलीच पाहिजे असे कोणत्याही विधानाने सांगितलेले नाही. मुलगी पेन्सिलीचा ठिपका दोन वर्तुळांच्या मधल्या जागेत ठेवते, क्षणभर थांबते आणि शेजारी ‘स्लो’ असे लिहिते.

तर्कशास्त्रात या दोषाला अव्याप्त मध्यपदाचा दोष म्हणतात. दोन विधानांना जोडणारे पद, इथे ‘दादरला थांबणे’, किमान एका विधानात तरी पूर्ण व्याप्तीने, म्हणजे त्या पदात मोडणाऱ्या सर्वांविषयी, यावे लागते. तसे ते न आल्यास जोडणीच होत नाही. आपल्या राज्यात तर्कशास्त्र हा विषय अकरावी-बारावीच्या कला शाखेत, तोही ऐच्छिक म्हणून शिकविला जातो. अभिजात अभ्यासक्रम तो चार-पाच वर्षे आधी आणतो, आणि माझ्या मते हा त्याचा सर्वांत मोलाचा भाग आहे. कारण ज्या वयात मुलाच्या हातात मोबाइल येतो आणि जाहिराती, फॉरवर्ड केलेले संदेश व तावातावाने केलेली भाषणे त्याच्यावर आदळू लागतात, त्याच वयात त्याला विधान आणि निष्कर्ष वेगळे करून पाहता येऊ लागतात.

मात्र ख्रिस्ती घरात या विद्येची कसोटी स्वतःच्या घरातच लागते. श्रद्धावंत माणसे प्रार्थना करतात. अमुक माणूस प्रार्थना करतो. म्हणून तो श्रद्धावंत आहे. हा दादरच्या गाडीचाच दोष आहे, आणि प्रभू येशूने सांगितलेल्या परुशी (कर्मठ धर्मनिष्ठ) व जकातदार (पापी मानला जाणारा करवसूलदार) यांच्या दाखल्यात, म्हणजे बोधकथेत, तो उघडा पडतो : मंदिरात प्रार्थनेला दोघेही गेले होते, पण नीतिमान ठरून एकच घरी गेला. लूककृत शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय मुलांनी शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चमधील रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, अनेकदा ऐकलेला असतो. तर्काच्या वहीसह तो पुन्हा वाचला, की मूल त्यातला युक्तिवाद पाहू लागते.

काही पालकांना इथेच भीती वाटते. ज्याला दोष शोधायला शिकविले, ते मूल उद्या वडिलांच्या बोलण्यातले आणि पाळकसाहेबांच्या प्रवचनातलेही दोष शोधील. शोधीलच. पण ज्या पवित्र शास्त्रात ईयोब देवालाच जाब विचारतो आणि स्तोत्रकर्ता ‘किती काळ’ असे पुन्हा पुन्हा विचारतो, त्या शास्त्रावर वाढणाऱ्या मुलाला प्रश्न विचारण्याची बंदी करता येत नाही. दुसऱ्यांची मते खोडून काढण्यापुरते तर्कशास्त्र शिकविले आणि आपल्या मतांपुरते ते गुंडाळून ठेवले, तर मुलाला ते लबाडी वाटते, आणि त्याचे ते वाटणे बरोबर असते.

[दृश्य : फळ्यावर दोन स्तंभ. एकात लॅटिन रूपे, दुसऱ्यात संस्कृत. दोन्ही देवनागरीत.]

अमेरिकन पालक या अभ्यासक्रमात सर्वाधिक घाबरतात ते लॅटिनला. इंग्रजीत नामाची विभक्तिरूपे जवळजवळ उरलेली नाहीत, त्यामुळे कर्ता आणि कर्म वाक्यातील जागेवरून नव्हे, तर शब्दाच्या शेवटावरून ओळखायचे, ही कल्पनाच त्या मुलांना नवी असते. मुंबईतील मराठी मुलाने ‘प्रथमा ते संबोधन’ हा तक्ता कधी ना कधी पाहिलेला असतो. ‘पुएल्ला रोसाम आमात’, म्हणजे मुलीला गुलाब आवडतो, आणि ‘रोसाम पुएल्ला आमात’ या दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच आहे हे त्याला दोन मिनिटांत पटते. ‘रोसाम’च्या शेजारी संस्कृतमधील ‘लताम्’ लिहिले, की द्वितीयेचा तोच ‘म’ दोन्हीकडे दिसतो. या घरात आठवड्यातील तीन तास संस्कृतला आणि दोन तास लॅटिनला दिले आहेत. हा निर्णय मला योग्य वाटतो. कठीण भाषेच्या शिस्तीने बुद्धीला वळण लावणे हा लॅटिनमागचा हेतू असेल, तर मराठी घराला तो संस्कृतमधूनही साधता येतो, आणि ज्यांच्याकडून ती शिकावी अशी माणसे या शहरात सहज भेटतात.

याचा मोठा पुरावा अमेरिकेत नव्हे, महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. पंडिता रमाबाई यांचा जन्म १८५८ सालचा. स्त्रियांना संस्कृत शिकविणे पाप मानले जात असताना त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, ती भाषा शिकविली, त्यापायी विरोध सोसला आणि गंगामूळच्या रानात बिऱ्हाड हलविले. लहानपणी रमाबाई कोणत्याही शाळेत गेल्या नाहीत. त्यांना आईने शिकविले. भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत, मग व्याकरण, मग अर्थ, आणि पुढे गावोगावी पुराणकथन : पाठांतर, व्याकरण आणि वक्तृत्व यांचा हा क्रम घरातच पूर्ण झाला. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, १८८९ मध्ये याच मुंबईत शारदा सदन उघडले, आणि उत्तरायुष्यात हिब्रू व ग्रीक शिकून मूळ भाषांवरून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. ते १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाले. घरी शिकलेली मुलगी, तोंडपाठ असलेली अभिजात भाषा आणि तिच्या आधाराने पुढे आत्मसात केलेल्या आणखी दोन अभिजात भाषा : ख्रिस्ती अभिजात गृहशिक्षणाची याहून पूर्ण अशी कथा मला ठाऊक नाही, आणि ती परदेशातून मागविलेल्या पुस्तकपेटीत नसते.

[दृश्य : छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय. असीरियन शिळापटांसमोर उभी असलेली मुले.]

इतिहास हा या अभ्यासक्रमाचा कणा आहे. तो तुकड्यातुकड्यांनी शिकविला जात नाही. निर्मितीपासून किंवा प्राचीन संस्कृतींपासून आजपर्यंत कालक्रमाने, बहुधा चार वर्षांच्या फेरीत शिकविला जातो आणि वाङ्मय, पवित्र शास्त्राचे पाठ व भूगोल त्याच काळाशी बांधलेले असतात. पवित्र शास्त्रातील यशया संदेष्टा वाचायचा तो असीरियाच्या आक्रमणाबरोबर, आणि प्रेषित पौलाचा प्रवास वाचायचा तो रोमन रस्त्यांच्या नकाशावर. ही बांधणी उत्तम आहे. तिच्यातील उणीवही तितकीच स्पष्ट आहे : बहुतेक तयार संचांत भारत दोन-चार पानांत आटोपतो.

मुंबईला ही उणीव भरून काढणे जड नाही. यशयाच्या काळातील असीरिया फोर्टमधील संग्रहालयाच्या भिंतीवर कोरीव शिळापटांच्या रूपाने उभा आहे. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत सोपारा आणि कल्याण या बंदरांची नावे आहेत. रोज लोकलच्या घोषणेत ऐकू येणारी स्थानके मुलांना ग्रीक ग्रंथात सापडतात, तेव्हा प्राचीन जग एकाएकी जवळ येते. सहाव्या शतकातील कॉस्मस या प्रवाशाने ‘कॅलियाना’ येथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याची नोंद केली आहे, आणि ते ठिकाण म्हणजे आपले कल्याण असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. आठवीच्या मुलाला इटालियन कवी दान्तेची ओळख करून देताना त्याच्या महाकाव्याचे एक प्राचीन हस्तलिखित टाउन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे, हे सांगता येते.

वाङ्मयाबाबत एक प्रश्न ख्रिस्ती पालक हमखास विचारतात : मूर्तिपूजक ग्रीकांची महाकाव्ये आमच्या मुलांनी का वाचावीत? त्याचे उत्तर पवित्र शास्त्रातील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात आहे. अथेन्समध्ये पौल तत्त्वज्ञांसमोर उभा राहिला, तेव्हा त्याने त्यांच्याच कवींच्या ओळींचा आधार घेतला. त्या त्याला येत होत्या, कारण त्याने त्या वाचल्या होत्या. मग हेच उत्तर मराठी घराने आपल्या वाङ्मयालाही लागू करावे. होमर वाचायचा आणि ज्ञानेश्वरीला हात लावायचा नाही, याला कोणताही धर्मशास्त्रीय आधार नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तुकारामाचे ऋण उघडपणे मानले, आणि त्यांची भजने आजही मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत गायिली जातात. त्यापूर्वी कितीतरी आधी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे (येशूसंघी धर्मगुरूचे) ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात छापले गेले : लॅटिनच्या शिस्तीत घडलेल्या माणसाने लिहिलेल्या सुमारे ११ हजार मराठी ओव्या. या घरातील मुलगी दर शुक्रवारी त्यातील पाच ओव्या पाठ म्हणून दाखविते. जुनी मराठी तिला अवघड जाते. आई शब्दार्थ आधी सांगत नाही, अंदाज करायला लावते.

लेखनाचा भाग थोडक्यात. प्राचीन ग्रीक शिक्षकांनी रचलेल्या १४ क्रमवार पाठांपैकी पहिले काही या वयात घेतले जातात : बोधकथा आपल्या शब्दांत लांबवून व आटोपशीर करून सांगणे, प्रसंग निवेदन करणे, एखाद्या वचनाचे समर्थन करणे. हे पाठ मराठीत सहज उतरतात, आणि पवित्र शास्त्रातील नीतिसूत्रांचे पुस्तक त्यासाठी पुरून उरते.

[दृश्य : दुपार. टेबलावर गणिताचे पुस्तक. आई फोनवर बोलत आहे.]

या सगळ्याचा भार बहुधा एकट्या आईवर येतो, हे लपवू नये. गणित आणि विज्ञान यांत अभिजात संच आपल्या शिक्षण मंडळांच्या अभ्यासक्रमाशी जुळत नाहीत. ते विषय इथल्या पाठ्यपुस्तकांवरूनच शिकवावे लागतात आणि प्रयोगांसाठी बाहेरची मदत घ्यावी लागते. वादाला जोडीदार हवा असतो, त्यामुळे दोन-तीन कुटुंबांनी आठवड्यातून एकदा चर्चच्या हॉलमध्ये एकत्र येणे ही चैन नसून गरज आहे. एकट्या मुलाला तर्कशास्त्र शिकविता येते, चर्चा शिकविता येत नाही.

कायद्याचा प्रश्नही पालकांनी आधी समजून घ्यावा. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो ६ ते १४ वयाच्या मुलांविषयी आहे आणि त्यात गृहशिक्षणाची स्वतंत्र तरतूद नाही. पुढील शिक्षणासाठी प्रमाणपत्र लागते, ते राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या माध्यमिक परीक्षेतून मिळू शकते. तिला बसण्यासाठी वयाची १४ वर्षे पूर्ण असावी लागतात. राज्य मंडळाच्या दहावीला खासगी विद्यार्थी म्हणून बसायचे, तर १७ नंबरचा फॉर्म भरावा लागतो आणि त्यासाठी आधीच्या शाळेचा दाखला मागितला जातो, म्हणून शाळा सोडतानाच तो घेऊन जपून ठेवावा. या घरातील आईवडिलांनी मुक्त विद्यालयाचा मार्ग निवडला आहे. मुलगी आठवीच्या वयाची होईल, त्या वर्षापासून सकाळचे दोन तास परीक्षेच्या विषयांना जातील, लॅटिनचे दोन तास कमी होतील, आणि संस्कृत व तर्कशास्त्र वेळापत्रकात तसेच राहतील.