धारेच्या वेळची वीज

(दृश्य: पहाटेचा अंधार. गोठ्यात एकच दिवा. खोऱ्याने शेण भरणारे हात.)

धारा काढायच्या आधी गोठा झाडला जातो. दूध कमी-जास्त होईल, त्याचा भाव पडेल, चढेल. शेण मात्र रोजचं ठरलेलं. एक संकरित गाय दिवसाला 10-12 किलो शेण सहज टाकते. दारात दोन गाई असतील तर उकिरडा पुरतो. 50 झाल्या की त्याच उकिरड्याचा डोंगर होतो. पावसात त्याचं पाणी ओढ्याला मिळतं, माश्या घोंगावतात, शेजाऱ्यांशी कुरबुर सुरू होते. ढिगाच्या पोटात, जिथे हवा पोचत नाही तिथे मिथेन तयार होतो आणि वर निघून जातो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरून ठेवतो. ज्या वायूवर चूल पेटली असती, तो आपण आभाळ तापवायला सोडतो.

(दृश्य: सिमेंटची छोटी टाकी. शेण कालवणारे हात, अगदी जवळून.)

गोबर गॅससाठी एक घमेलं शेण, एक घमेलं पाणी. गुठळ्या फोडायच्या, कडब्याच्या काड्या आणि खडे वेचून काढायचे. ज्यांनी अंगण सारवलंय त्यांना या कामाची किळस नाही. काडी राहिली तर ती आत तरंगते, वर साय धरते आणि गॅस अडतो. घरगुती गोबर गॅस देशात सर्वांत जास्त बसले ते महाराष्ट्रात. तरी कितीतरी परसांत आज ती टाकी कोरडी पडली आहे. साय धरली, नळीत पाणी साचलं, टाकीवर पालथा तरंगणारा, गॅस साठवणारा ड्रम गंजला, किंवा शेण कालवणारे हात शहरात गेले. यंत्रात मोठा बिघाड क्वचितच असतो, म्हणूनच ते बघून जीव हळहळतो.

(दृश्य: टाकीवरचा ड्रम हळूहळू वर येतो.)

आत हवा नाही, उजेड नाही. जीवाणूंना एवढंच लागतं, आणि थोडी ऊब. साधारण 40 ते 55 दिवस शेण-पाण्याचा काला टाकीत मुरतो. थंडीत जीवाणू मंदावतात, डिसेंबरात ड्रम अर्ध्यावरच थांबतो. जो गॅस मिळतो त्यात निम्म्याहून जास्त मिथेन, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड.

हिशेब सोपा आहे. 25 किलो शेणाला एक घनमीटर गॅस. 50 गाईंचं 600 किलो शेण म्हणजे 24 घनमीटर. लहान जनरेटरवर घनमीटरमागे दीड युनिट धरलं, तर दिवसाला 36 युनिट वीज. चार-पाच गाईंवाल्याने मात्र विजेच्या मागे लागू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं. इंजिनात गॅसमधली निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. त्या घरी गॅस थेट चुलीला द्यावा. धुरात खोकणाऱ्या बाईला त्याचा खरा उपयोग.

(दृश्य: लोखंडाच्या किसाने भरलेला नळकांड्यासारखा डबा.)

गोठा मोठा असेल, तर हा डबा लागतोच. गॅसमध्ये सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड असतो, तो इंजिन आतून खातो. गॅस गंजलेल्या लोखंडाच्या किसातून नेला की तांबूस कीस काळा पडत जातो आणि हायड्रोजन सल्फाइड त्यात अडकतो. काळा कीस बाहेर वाऱ्यावर पसरला की पुन्हा तांबूस होतो. होताना तापतो, म्हणून कडब्यापासून लांब पसरायचा.

ही विद्या जुनी आहे. 1897 च्या सुमारास मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात मैल्याच्या टाकीतला गॅस गोळा करून वापरल्याची नोंद आहे. खादी ग्रामोद्योग आयोगाने तरंगत्या ड्रमचं संयंत्र साठच्या दशकात गावोगाव नेलं. आता वाराणसीजवळ रामनगरला दूध संघाच्या आवारातच मोठं संयंत्र आहे. रोज 100 टन शेण, 4,000 घनमीटर गॅस. पाहा, हिशेब तोच, 25 किलोला एक. त्यातून डेअरीला वीज आणि उष्णता मिळते.

(दृश्य: टाकीतून बाहेर पडणारी स्लरी, म्हणजे मुरलेला काला, पाटातून उसाकडे.)

शेण संपत मात्र नाही. गॅस निघून गेला तरी नत्र, स्फुरद, पालाश स्लरीत उरतात. तिला वास जवळजवळ नसतो, माशी बसत नाही. चुलीत गोवरी जाळली की शेताचं खत गेलं. इथे आच मिळते आणि खतही राहतं.

(दृश्य: संध्याकाळ. धारा सुरू. अचानक अंधार.)

लाईट गेली. बल्क कूलरमध्ये ताजं दूध आहे, ते 4 अंशांपर्यंत उतरायला हवं. उशीर झाला तर दूध नासेल, संकलन केंद्रावरून परत येईल. मिल्किंग मशीनही थांबलं आहे.

(आवाज: जनरेटर सुरू होतो. दिवा पेटतो.)

पहाटे कालवलेलं शेण आत्ता कामाला आलेलं नाही. हा गॅस गेल्या दीडेक महिन्यात टाकलेल्या शेणाचा. आज पहाटेचं शेण टाकीत मुरायला बसलं आहे. कूलरचा काटा खाली उतरू लागतो, आणि पुढच्या गाईखाली मशीन लागतं.