सीसी=क्लँग दिल्यावरही जीसीसीची एरर का येते?

नमस्कार. दारव्हा, पुसद, आर्वी अशा भागांतल्या गावांतून शिकणारे विद्यार्थी सतत विचारतात, ‘सर, लिनक्स कर्नल बिल्ड करताना सीसी=क्लँग दिले, तरी जीसीसी सापडत नाही अशी एरर का येते?’ जीसीसी आणि क्लँग हे दोन कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या कोडचे यंत्राला चालेल असे रूपांतर करणारे प्रोग्राम; त्यांपैकी कोणता वापरायचा ते ‘सीसी=’ने सांगतात. क्लँग आणि एलएलडी (क्लँगसोबतचा लिंकर, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडणारे टूल) इन्स्टॉल करणे तुम्हाला येतेच, त्यामुळे थेट एररकडे वळतो.

पडद्यावरची सुरुवातीची ओळ नीट वाचा : ‘होस्टसीसी स्क्रिप्ट्स/बेसिक/फिक्सडेप’. फिक्सडेप हे कर्नलमध्ये जाणारे नव्हे, तर बिल्ड सुरू असताना तुमच्याच लॅपटॉपवर चालणारे छोटे टूल आहे, म्हणून ते सीसीने नव्हे, होस्टसीसीने कंपाइल होते. आणि होस्टसीसी तुम्ही बदललेलाच नसतो, तो जीसीसीच राहतो.

हेच उलट बाजूने पाहा. विहिरीवरच्या मोटारीसाठी रास्पबेरी पाय वापरणाऱ्या एका विद्यार्थ्याने होस्टसीसीलाच एआरएमचा (रास्पबेरी पायमधल्या प्रोसेसरच्या प्रकाराचा) कंपायलर दिला होता. फिक्सडेप एआरएमसाठी तयार झाले आणि इंटेलच्या लॅपटॉपने ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ दिली. सीसी म्हणजे ज्या यंत्रासाठी बिल्ड करायचे त्याचा कंपायलर, होस्टसीसी म्हणजे ज्या यंत्रावर बिल्ड करतो त्याचा. मोडपोस्ट आणि ऑब्जटूल या बिल्डमधल्या आणखी दोन टूल्सनाही हाच नियम लागू आहे.

म्हणून एकटा सीसी बदलू नका, ‘एलएलव्हीएम=१’ द्या (एलएलव्हीएम म्हणजे क्लँग ज्याचा भाग आहे तो टूल्सचा संच). त्याने सीसी, होस्टसीसी, लिंकर, एआर, ऑब्जकॉपी अशी टूल्स सगळी एकदम बदलतात आणि ‘आर्क=एआरएम६४’ (६४-बिट एआरएमसाठी बिल्ड) जोडले की क्लँग स्वतःच लक्ष्य ओळखतो, ‘क्रॉस-कंपाइल’ हा पर्याय वेगळा द्यावा लागत नाही.

आता ज्याचा मला मनापासून राग येतो ते सांगतो. जीसीसीचा एखादा वॉर्निंग फ्लॅग क्लँगला ओळखता आला नाही की ‘डब्ल्यूएरर’मुळे (वॉर्निंगलाही एरर मानणारा फ्लॅग) बिल्ड थांबते, आणि कमेंटमध्ये लगेच सल्ला येतो की मेकफाइलमधून (बिल्डचे नियम असलेली फाइल) डब्ल्यूएररच काढून टाका. असे केल्याने खऱ्या चुकांच्या वॉर्निंगही कुणाच्या नजरेस पडत नाहीत. ‘अननोन वॉर्निंग ऑप्शन’ एवढीच तक्रार असेल, तर फक्त तेवढीच वॉर्निंग बंद करा.

जीसीसीही बदलत असतो. २०२५च्या जीसीसी १५मध्ये सी२३ (सी भाषेची नवी आवृत्ती) हा डीफॉल्ट झाला, ‘फॉल्स’ आणि ‘ट्रू’ कीवर्ड (स्वतःची नावे म्हणून वापरता न येणारे राखीव शब्द) झाले, आणि जुन्या कर्नलच्या बूट-कोडसारखा जो भाग जीएनयू११ ही जुनी आवृत्ती वापरायला कंपायलरला सांगत नव्हता, तो अडकला.

शेवटी, आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे कॉन्फिग (कर्नलमध्ये काय हवे त्या निवडींची फाइल) तयार झाले की आधी ‘मेक एलएलव्हीएम=१ प्रिपेअर’ चालवा. होस्टची टूल्स त्यातच तयार होतात आणि कंपायलरचा घोळ असेल तर पूर्ण बिल्डला हात घालण्यापूर्वीच तो समोर येतो.