ट्रिमर बंद झाला की

(ट्रिमरचा आवाज. आरशात दोन चेहरे.)

लॉस एंजेलिस. कृष्णवर्णीय वस्तीतलं एक सलून, शनिवार सकाळ. तिन्ही खुर्च्या भरल्यात, भिंतीशी चारजण वाट बघत बसलेत, टीव्हीवर मॅच लागलीय पण ती कुणी बघत नाहीये, कारण मॅचवरून इथे जे भांडण जुंपलंय ते मॅचपेक्षा भारी आहे.

आता मधल्या खुर्चीकडे बघा. गळ्याला बांधलेल्या कापडाखालून एक हात बाहेर आलाय, दंडावर बीपीचा पट्टा. पाय जमिनीला टेकलेले, पाठ मागे टेकलेली, हात छातीच्या उंचीवर, आणि तोंड बंद. पाच मिनिटं गप्प बसायचं, कारण बोललं की आकडा चढतो. या दुकानात कुणी पाच मिनिटं गप्प बसलंय हे बघायला मागे गर्दी झालीय.

(मशीनच्या स्क्रीनवर १५८/९४.)

बार्बरने ट्रिमर बंद केला. पुढचं बोलणं हळू आवाजात.

अमेरिकेत प्रौढ कृष्णवर्णीयांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना हाय बीपी आहे. दुखत नाही खुपत नाही, मग दवाखान्यात जायचं कशाला? आणि जायचं म्हटलं तरी सुट्टी टाका, इन्शुरन्स बघा, तासभर बसा. पण खरं कारण त्याच्याही मागचं आहे.

(जुना काळा-पांढरा फोटो: बाही वर केलेला हात, दंडात सुई.)

अलाबामातलं टस्कीगी. १९३२ पासून अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्यानं सिफिलिस हा गुप्तरोग असलेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना तुमच्यावर उपचार चालू आहेत असं सांगितलं आणि रोग कसा वाढतो ते नुसतं बघत राहिले. पुढे पेनिसिलिन आलं, सिफिलिस बरा व्हायला लागला, तरी यांना दिलं नाही. १९७२ मध्ये पेपरात बातमी फुटली तेव्हा कुठे हे थांबलं, चाळीस वर्षांनी. राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली ती थेट १९९७ मध्ये. हे सगळं घराघरात माहीत आहे, आणि वर लोकच विचारतात की हे डॉक्टरवर विश्वास का नाही ठेवत.

बार्बरवर मात्र ठेवतात. दर दोन-तीन आठवड्यांनी तोच माणूस, तीच खुर्ची, वर्षानुवर्षं, आणि गळ्यापाशी वस्तरा असतो हो, विश्वास अजून वेगळा काय दाखवायचा!

रोनाल्ड व्हिक्टर नावाच्या हृदयरोगतज्ज्ञांनी हे हेरलं. आधी डॅलसमध्ये १७ सलूनमध्ये करून बघितलं, बार्बरनी बीपी मोजायचं, वाढलेलं दिसलं की डॉक्टरकडे जा म्हणून मागे लागायचं. २०११ मध्ये निकाल छापून आला. फरक पडला, पण बेताचाच. इथेच बहुतेक लोक थांबतात बरं का, पोस्टर लावतात, शिबिर घेतात, जनजागृती झाली म्हणतात आणि फोटो काढून घरी जातात.

व्हिक्टर थांबले नाहीत. लॉस एंजेलिसमध्ये ५२ सलून घेतले, ३१९ गिऱ्हाइकं, सगळ्यांचा वरचा आकडा १४० किंवा त्याहून जास्त. निम्म्या दुकानांत बार्बर फक्त समजावायचे, की मीठ कमी करा, डॉक्टरला दाखवा. उरलेल्या दुकानांत फार्मासिस्टच यायचे.

(काचेचं दार ढकलून बॅग घेतलेली बाई आत येते. कुणी वळूनही बघत नाही, इतकी ती रोजची.)

ही बघा, फार्मासिस्टच आहे. डॉक्टरांशी आधीच लेखी ठरलेलं असतं, त्यामुळे गोळी सुरू करणं, डोस वाढवणं सगळं इथेच. आधी अॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी आणि जोडीला दुसरी एक गोळी, नाहीच उतरलं तर मग तिसरी, लघवीवाटे मीठ-पाणी काढणारी. बोटाला टोचून रक्ताची तपासणीसुद्धा याच खुर्चीत. तिची बॅग कुठे ठेवलीय बघा, कंगव्यांच्या बरणीशेजारी. एवढ्या वर्षांत दवाखान्याला जमलं नाही ते या कोपऱ्यातल्या वीतभर जागेत झालं असं माझं म्हणणं आहे, पटो न पटो.

सहा महिन्यांनी फार्मासिस्टवाल्या दुकानांत वरचा आकडा सरासरी २७ ने खाली आला, नुसत्या सल्ल्यावाल्या दुकानांत ९ ने. १३०/८० च्या खाली इकडे जवळपास ६४ टक्के लोक, तिकडे १२ सुद्धा नाहीत. २०१८ च्या मार्चमध्ये हे छापून आलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये व्हिक्टर गेले. हार्ट अटॅक किती टळले ते या अभ्यासात मोजलेलं नाही, आणि फार्मासिस्टचा पगार कायमचा कुणी द्यायचा हा प्रश्न आहेच.

(परत मधली खुर्ची. मशीनवर आता १३२.)

ट्रिमर पुन्हा सुरू झालाय. फार्मासिस्ट फोनमध्ये काहीतरी टिपून घेतेय. ती विचारते, पुढची तारीख कधीची टाकू? तो माणूस आरशात बघून मानेवरून हात फिरवतो आणि म्हणतो, केस वाढले की. म्हणजे दोन आठवडे, बार्बर मागून सांगतो.