कागदावर न आलेली उड्डाणे

२७ जानेवारी १९८६ च्या रात्री अमेरिकेतील युटा, अलाबामा आणि फ्लोरिडा येथे बसलेली माणसे एकाच दूरध्वनी बैठकीत बोलत होती. चॅलेंजर हे अंतराळयान दुसऱ्या दिवशी सकाळी सोडायचे की थांबायचे, एवढाच विषय होता. यानाला वर उचलणारी घन इंधनाची रॉकेटे, म्हणजे बूस्टर, बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या अभियंत्यांचे म्हणणे होते, की सांध्यांतील रबरी कड्यांचे तापमान ५३ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली असेल, तर उड्डाण करू नये. फ्लोरिडात त्या रात्री पारा गोठणबिंदूच्याही बराच खाली जाणार होता.

हा बूस्टर तुकड्यातुकड्यांनी जोडलेला असे. प्रज्वलनाच्या क्षणी आतील दाबाने सांधा किंचित उघडतो आणि तेवढ्या अवधीत रबरी कडीने पसरून फट बुजवायची असते. थंडीत रबर कडक होते, सावकाश पसरते आणि तप्त वायूला वाट मिळते. वर्षभरापूर्वी, जानेवारी १९८५ मध्ये, ५३ अंशांना झालेल्या उड्डाणात कडीपलीकडे काळीकुट्ट काजळी सापडली होती. अभियंते रॉजर बोझोले यांनी तिची छायाचित्रे बैठकीत मांडली.

यावर आलेली हरकत बिनतोड वाटणारी होती. ७५ अंशांना झालेल्या एका उड्डाणातही काजळी दिसली होती. मग दोष थंडीचाच, हे कशावरून? अभियंत्यांजवळ याचे ठोस उत्तर नव्हते, कारण त्या रात्री सगळ्यांचे लक्ष फक्त इजा झालेल्या उड्डाणांवर खिळले होते. ज्या उड्डाणांत कड्या शाबूत राहिल्या, त्यांची तापमाने कोणी शेजारी मांडली नाहीत. पुढे चौकशी आयोगाने ती मांडली, तेव्हा चित्र लख्ख झाले: ६६ अंश किंवा त्याहून अधिक तापमानाच्या २० उड्डाणांपैकी केवळ ३ मध्ये इजा आढळली होती, तर ६३ अंश किंवा त्याखालील चारही उड्डाणांत ती होती. ही माहिती नासा आणि थायोकोल या दोन्ही संस्थांच्या दप्तरात आधीपासून पडून होती. शूर अभियंते आणि निर्दय व्यवस्थापक अशी ही कथा अनेकदा रंगवली जाते. मला ती तितकी सोपी वाटत नाही, कारण अपुरा तक्ता अभियंत्यांचाच होता.

तरीही व्यवस्थापनाची चूक अधिक गंभीर होती. उड्डाण सुरक्षित आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी एरवी कंत्राटदारावर असे. त्या रात्री मात्र ते असुरक्षित आहे, हे सिद्ध करा, असा आग्रह सुरू झाला. नासाचे बूस्टर प्रकल्पप्रमुख लॅरी मलॉय यांनी, मग काय पुढच्या एप्रिलमध्ये उड्डाण करायचे, असे वैतागून विचारले. थायोकोलने पाच मिनिटे मागून घेतली आणि अर्धा तास आपसांत चर्चा केली. अभियंते अर्नी थॉम्पसन यांनी टेबलापाशी येऊन वहीवर सांध्याची आकृती काढून दाखवली, पण वरिष्ठांचे चेहरे पाहून ते आपल्या जागी परतले. त्यानंतर ज्येष्ठ अधिकारी जेराल्ड मेसन यांनी अभियांत्रिकी विभागाचे प्रमुख रॉबर्ट लुंड यांना अभियंत्याची टोपी काढून व्यवस्थापकाची घालण्यास सांगितले. शेवटचा कौल चार व्यवस्थापकांनी दिला. सांधा ज्यांना सर्वांत जास्त ठाऊक होता, त्यांना कौल विचारलाच नाही. नासा हा कंपनीचा बडा ग्राहक होता आणि त्या ग्राहकाची नाराजी सर्वांनी नुकतीच ऐकली होती.

फ्लोरिडात हजर असलेले कंपनीचे प्रतिनिधी ॲलन मॅकडोनाल्ड यांनी संमतिपत्रावर सही करण्यास नकार दिला. ती सही युटाहून फॅक्सने आली. दुसऱ्या दिवशी ३६ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे २ अंश सेल्सिअसच्या हवेत यान उडाले आणि ७३ व्या सेकंदाला त्याचे तुकडे झाले. सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले.

मॅकडोनाल्ड यांनी हा घटनाक्रम आयोगासमोर उघड केला, तेव्हा कंपनीने त्यांना जबाबदारीच्या कामावरून बाजूला सारले. अमेरिकी काँग्रेसमधून दबाव आल्यावर त्यांना परत आणण्यात आले आणि त्या सांध्याची नवी रचना करण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवण्यात आले.