अंतरपाट दूर होण्याआधी

नमस्कार श्रोतेहो. लग्नसराई तोंडावर आली आहे. ज्यांनी नुकताच कॅमेरा घेतलाय आणि चुलत बहिणीच्या नाहीतर एखाद्या मित्राच्या लग्नाचं शूटिंग अंगावर घेतलंय, अशा मुलामुलींशी आज बोलायचंय. लेन्स कोणती घेऊ, कॅमेरा स्थिर धरणारा गिंबल कोणता चांगला, हे तुम्ही सगळे विचारता. मी म्हणेन, आधी लग्न नीट समजून घ्या. पुढे काय होणार हे ज्याला ठाऊक असतं, तो आधीच जागेवर उभा असतो. बाकीचे धावत येतात, आणि धावणाऱ्याचा कॅमेरा हलतोच.

मंगलाष्टकांचंच बघा. वधूवर समोरासमोर उभे, मध्ये अंतरपाट. नवखा शूटिंगवाला हमखास एकाच्या पाठीमागे जाऊन थांबतो. त्याला दिसते एक पाठ आणि पुढे नुसतं कापड! त्याऐवजी कापडाच्या कडेला या, अंतरपाट धरणाऱ्याच्या खांद्यालगत. तिथून दोघांचेही चेहरे एका चौकटीत मिळतात. मात्र अंतरपाट कुठल्या बाजूला ओढणार, हे गुरुजींना आधीच विचारून ठेवा. ते आनंदाने सांगतात. आणि एकदा बाजू धरली की ती सोडू नका. विधी चालू असताना पलीकडे गेलात, तर डावीकडचा नवरा पुढच्या शॉटमध्ये उजवीकडे उडी मारतो आणि एडिटिंगला बसल्यावर काही केल्या जुळत नाही.

आता अक्षता. प्रत्येक ‘सावधान’नंतर तांदळाचा वर्षाव होतो आणि ऑटोफोकस त्या दाण्यांमागे धावतो. चेहरा धूसर, तांदूळ स्पष्ट. दोघं तर जागचे हलणार नसतात, अंतर तेच राहणार असतं. म्हणून नवरीच्या डोळ्यांवर फोकस घ्या आणि मॅन्युअलवर टाकून मोकळे व्हा.

बहुतेक ठिकाणी शेवटी ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ हा श्लोक येतो. तो कानावर पडला की कॅमेरा चालूच पाहिजे आणि माळा घालून होईपर्यंत तो बंद करायचा नाही. या वेळी फ्रेम थोडी मोठी ठेवा, डोक्यावर भरपूर जागा सोडा. अंतरपाट दूर झाला की मित्र नवऱ्याला उचलून धरतात, तिकडे मामा नाहीतर भाऊ नवरीला उचलतो. चौकट घट्ट धरली असेल तर हार घालणारे हात आणि दोघांचं हसू, सगळं बाहेर जातं. पाहुणे मोबाईल उंचावून पुढे सरकतील. तुम्ही कोपरं छातीशी घट्ट धरा, पाय थोडे फाकवा, मोनोपॉड, म्हणजे एका पायाचा स्टँड, असेल तर उत्तमच.

सुरुवातीला हाताला एक चाळा लागतो. इकडे वळव, तिकडे वळव, झूम आत, झूम बाहेर. ते सोडा. प्रत्येक शॉट मनात दहा मोजेपर्यंत स्थिर धरा. जवळचं हवं असेल तर दोन पावलं पुढे जा. कन्यादानात आई पाण्याची धार धरते, तेव्हा हातांचा एक शॉट घ्या, मग वडिलांच्या चेहऱ्याचा वेगळा घ्या. हातांवरून चेहऱ्यापर्यंत कॅमेरा फिरवत नेलात, तर मधला सगळा वेळ उपरण्यावर आणि शर्टाच्या बटणांवर जातो.

उजेडाचं म्हणाल, तर गोरज मुहूर्त सगळ्यात कठीण. मंगलाष्टकं सुरू होताना बाहेर निळसर संधिप्रकाश आणि सप्तपदीपर्यंत फक्त मंडपातले पिवळे दिवे. पांढरं ते पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा आपोआप रंग जुळवतो, तो ऑटो व्हाइट बॅलन्स या गोंधळात भरकटतो. लाल शालू चौकटीत आला की चेहऱ्याचा रंग वेगळा, बाजूला गेला की वेगळा. मंडपातल्या दिव्याखाली पांढरा कागद धरून व्हाइट बॅलन्स हाताने लावा आणि उजेड बदलला की पुन्हा लावा. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; हॅलोजनला साधारण ३२०० केल्विन, दिवसाच्या उजेडाला ५६०० च्या आसपास, एवढं लक्षात ठेवलं तरी काम भागतं.

दिवे लुकलुकताना आणि चित्रावर पट्टे सरकताना तुम्ही पाहिले असतील. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि पुष्कळ कॅमेरे सेकंदाला ३० फ्रेमवर लावलेले मिळतात; दोन्हींचा मेळ बसत नाही. मेनूत जाऊन पाल (PAL), म्हणजे ५० हर्ट्झशी जुळणारी व्हिडिओ पद्धत, निवडा, २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा. स्लो मोशन हवं तर ५० फ्रेम आणि १/१००. मागे एलईडीची भिंत असेल तर मात्र पाहुणे येण्याआधी एकदा शूट करून बघाच.

आवाजाकडे तर कोणी लक्षच देत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आजीने म्हटलेलं मंगलाष्टक पुन्हा कुठून आणणार? कर्ण्यातून फाटलेला आवाज कॅमेऱ्याच्या माइकवर घेण्यापेक्षा साउंडवाल्याला विनंती करून मिक्सरवरून लाइन, म्हणजे वायरने थेट आवाज, घ्या. नाहीच जमलं, तर गुरुजींना विचारून त्यांच्या उपरण्याला छोटा रेकॉर्डर लावा आणि सनई-चौघडा सुरू असताना त्याची पातळी तपासा.

आणि रात्री घरी आल्यावर, कितीही पाय दुखत असले तरी, कार्डावरचं सगळं दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवून मगच झोपा. लग्नघराने फिल्म पाहून होकार देईपर्यंत ते कार्ड पुसू नका.