शेकरू: खारींच्या कुळातली वेगळी शाखा

श्रोतेहो, नमस्कार.

महाराष्ट्राचा राज्यप्राणी कोणता, असं विचारलं तर शाळेतलं मूलही ‘शेकरू’ म्हणून सांगतं. पण शेकरू म्हणजे काय, असं पुढे विचारलं की उत्तर ‘मोठी खार’ इथेच थांबतं. आकाराच्या बाबतीत ते खरं आहे. डोक्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत साधारण ३५ ते ४५ सेंटिमीटर लांबी, तितकीच किंवा त्याहून लांब झुपकेदार शेपटी आणि वजन दीड ते दोन किलो. नात्याच्या बाबतीत मात्र हे उत्तर चुकतं. अंगणातल्या पट्टेवाल्या खारीचं शेकरू हे थोरलं भावंड नव्हे. दोघांच्या शाखा फार पूर्वीच वेगळ्या झालेल्या आहेत.

सुरुवातीच्या अभ्यासकांनी जवळपास सगळ्याच झाडावरच्या खारी ‘स्कियुरस’ या एकाच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या एका गटात, घातल्या होत्या. शेकरूवर्गीय खारींसाठी ‘रतूफा’ ही स्वतंत्र प्रजाती प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८६७ मध्ये मांडली. पुढचा प्रश्न होता, या रतूफाचे जवळचे नातलग कोण? रंगावरून ते ठरत नाही, कारण खारींचा रंग जागेप्रमाणे बदलतो. म्हणून प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांनी १९२३ मध्ये नराच्या शिश्नातल्या लहानशा हाडाची ठेवण पाहून खारींचे गट पाडले. मूर या अभ्यासकांनी १९५९ मध्ये खारींच्या कवट्या तपासल्या. दातांतही फरक आहे. पट्टेवाल्या खारीच्या वरच्या जबड्यात प्रत्येक बाजूला दोन उपदाढा असतात, त्यातली पुढची अगदी बारीक. शेकरूला तिथे एकच उपदाढ असते. म्हणून खारीचे दात २२ भरतात, शेकरूचे २०.

खरा उलगडा २००३ मध्ये झाला. मर्सर आणि रॉथ या अमेरिकेतल्या संशोधकांनी जगभरातल्या खारींच्या डीएनएची तुलना केली, तेव्हा खारींच्या कुळात पाच जुन्या शाखा दिसल्या. पहिली शेकरूंची. दुसरीत दक्षिण अमेरिकेच्या जंगलातली एकच चिमुकली खार. तिसरीत युरोप-अमेरिकेतल्या झाडावरच्या खारी, चौथीत आपल्या पट्टेवाल्या खारीसह आशियातल्या कितीतरी खारी आणि पाचवीत जमिनीवरच्या खारी व हिमालयातले मार्मोट, म्हणजे बिळात राहणाऱ्या मोठ्या खारी. उडत्या खारींना पूर्वी वेगळा उपकुळाचा मान होता. त्या तिसऱ्या शाखेतल्या निघाल्या. म्हणजे सह्याद्रीत रात्री तरंगत जाणारी उडती खार शेकरूपेक्षा युरोपातल्या तांबड्या खारीला जवळची. एकाच रानात, एकाच झाडावर राहतात म्हणून नातं जवळचं असतं असं नाही. वर्गीकरणाचा हा धडा मला फार मोलाचा वाटतो.

शेकरूंच्या शाखेत आज चार जाती आहेत. आपलं शेकरू, रतूफा इंडिका, फक्त भारतात सापडतं. दुसरी जात करड्या केसांची, चौघींत सर्वांत लहान. ती श्रीलंकेत आणि दक्षिण भारतात नदीकाठच्या रानांत राहते. तमिळनाडूत श्रीविल्लिपुत्तूरचं अभयारण्य तिच्याचसाठी राखलं गेलं. तिसरी पाठीने काळी, पोटाने पिवळसर. नेपाळ, सिक्कीम, आसामपासून थेट जावापर्यंत तिचा पसारा आहे. चौथी फिकट रंगाची, मलायाचं द्वीपकल्प, सुमात्रा आणि बोर्निओतली. तिला शास्त्रीय नाव दिलं ते सिंगापूर वसवणाऱ्या स्टॅमफर्ड रॅफल्स यांनी, १८२१ मध्ये, सिंगापूरच्याच नमुन्यावरून. त्या सिंगापुरातून ती आता नाहीशी झाली आहे.

आता आपल्या शेकरूच्या उपजातींकडे, म्हणजे एकाच जातीतल्या स्थानिक प्रकारांकडे येऊ, कारण घोळ इथेच आहे. साइक्स या अभ्यासकांनी १८३१ मध्ये दख्खनमधल्या शेकरूला मुंबईचे माजी गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचं नाव दिलं. भीमाशंकरच्या शेकरूला लागतं ते हेच नाव. त्यामुळे ‘भीमाशंकरचं शेकरू जगात दुसरीकडे नाही’ असं ऐकू येतं. ते बरोबर नाही. शेकरू फणसाडला आहे, महाबळेश्वरला आहे, मेळघाटात आहे. रंग मात्र बदलतो. इथे तांबूस तपकिरी पाठ आणि फिकट शेपटी-टोक, तर दक्षिणेत खांद्यावर, कमरेवर आणि शेपटीवर गडद काळा. काही अभ्यासक या रंगभेदांवरून बऱ्याच उपजाती मानतात, तर काही एल्फिन्स्टनचं नाव मूळ इंडिकातच मिसळून टाकतात. रंगाची सीमारेषा एका डोंगरावर संपत नाही, हळूहळू विरत जाते, म्हणून मला दुसरं मत जास्त पटतं. तरीही नाव पुसलं तरी त्या ठिकाणची शेकरं तिथलीच असतात, हे विसरून चालणार नाही. गुजरातच्या डांगातलं पांढुरकं शेकरू याचं उदाहरण आहे. त्याला वेगळी उपजात म्हणा, नका म्हणू. ते बहुधा संपलं आहे, आणि तो रंग परत येणार नाही.

रानात शेकरू ओळखायचं कसं? वेळ सकाळची धरा. शेकरू दिवसा वावरतं, दुपारी फांदीवर पसरून विसावतं. सांजेनंतर झाडावर काही हललं तर ती उडती खार समजा. बसलेल्या शेकरूची शेपटी पाठीवर वळत नाही, फांदीखाली सरळ लोंबते. खाताना ते अनेकदा मागच्या पायांनी फांदी पकडून खाली झुकतं, पुढच्या पंजांत फळ धरतं, आणि तेव्हा हीच शेपटी तोल सांभाळते. आवाज खणखणीत, खडखडाटासारखा, एकामागून एक तोडत निघणारा.

मोजणी करणाऱ्यांची चूक बहुतेक वेळा घरट्यांपाशी होते. काटक्या-पानांचं टोपलीएवढं गोल घरटं उंच शेंड्याजवळ, शेजारच्या झाडाच्या फांद्या टेकतात तिथे असतं. पण एक शेकरू अशी अनेक घरटी बांधतं, काही झोपायला, एखादं पिलांसाठी. दहा घरटी म्हणजे दहा शेकरं नव्हेत. म्हणून ठरलेल्या वाटेने पहाटे सावकाश चालावं. दिसलेल्या प्रत्येक शेकराची आणि घरट्याची जागा, झाडाची जात, उंची लिहावी. घरट्यातली पानं ताजी की वाळलेली, हेही टिपावं. वाळक्या घरट्याला चालू घरट्यात धरू नये. भीमाशंकरच्या सदाहरित रानात घरटी पानांत झाकलेली राहतात. मेळघाटात पानगळ झाली की तीच उघडी पडतात. त्यामुळे या दोन रानांतले आकडे शेजारी ठेवून ‘इथे जास्त, तिथे कमी’ असं म्हणता येत नाही.

शेकरू एका उडीत सहा मीटरपर्यंत अंतर पार करतं. झाडांच्या शेंड्यांमधलं अंतर याहून वाढलं की त्याला जमिनीवर उतरावं लागतं, आणि जमिनीवर ते अगदी असुरक्षित असतं. भातरोपांसाठी राब भाजायचा, म्हणजे रोपांच्या जागेवर पाला-फांद्या जाळायच्या, तर फांद्या छाटाव्याच लागतात. पण रस्त्याकडेची, ओढ्यापलीकडची, दोन रानांना जोडणारी झाडं शेंड्यापर्यंत बोडकी केली की वाट तुटते. अशा जोडणाऱ्या झाडांच्या वरच्या फांद्या सोडून खालच्याच छाटल्या, तर राबही होतो आणि शेकरालाही वरूनच पलीकडे जाता येतं. आंबा, जांभूळ, उंबर यांचे शेंडे एकमेकांना टेकलेले असतील, त्या रानात सकाळी थोडा वेळ शांत उभं राहिलात तर आधी फळाची साल खाली पडलेली ऐकू येईल, मग शेपटी दिसेल.

नमस्कार.